घरातलं मत

सून : एका मतानं! अहो आई, एका मतानं हरले मी. आणि कोणाकडून, तर त्या टायवाल्याकडून. घरच्या स्वयंपाकघरात बसून मीटिंगला टाय लावणाऱ्या माणसाकडून!

सासू : टाय लावणं हा काही गुन्हा नाही. आमच्या शाळेत नीटनेटकेपणाला बक्षीस होतं.

मुलगा : आई, तू वाटाणे सोल. आज तिच्या वाटेला जाऊ नकोस.

सासू : मी कुणाच्या वाटेला जात नाही. तू इस्त्री कर. कॉलर उलट्या बाजूनं आधी, किती वेळा सांगायचं? मला शेजारीण विचारत होती, तुमची सून कसल्या निवडणुकीला उभी आहे म्हणून. मी आपलं सांगून टाकलं, कॉम्प्युटरच्या.

मुलगा : बरोबरच सांगितलंस.

सून : काय बरोबर? तुलाही नीट माहीत नाही. सांग बघू, मी काय करते?

मुलगा : परीक्षा घेतेस? घे. इंटरनेटवर आपण म्हणजे आपणच आहोत, हे कसं सिद्ध करायचं, याचे नियम काही हौशी मंडळी फुकटात लिहितात. मग बँका, दवाखाने, फोनवरचे खेळ, सगळे ते नियम पाळतात. त्या हौशी मंडळींचा एक गट. गटाचं एक मंडळ. मंडळात काही खुर्च्या, आणि त्यातल्या एका खुर्चीवर काल रात्रीपर्यंत माझी बायको. झालो का पास?

सून : ‘हौशी’ सोडून सगळं बरोबर.

मुलगा : पगार नाही, सुट्टीच्या दिवशी काम, आणि एका स्वल्पविरामावर तीन महिने भांडण. याला दुसरा शब्द सांग, तो वापरतो.

सासू : स्वल्पविरामावर भांडलेले लोक मला आवडतात.

सून : तो स्वल्पविराम महत्त्वाचा होता! असो. मी हे असं सोडणार नाहीये. त्या टायवाल्याच्या कंपनीनं निवडणूक जाहीर झाल्यावर आपले नोकर धडाधड सदस्य करून घेतले असणार. सदस्यत्व फुकट, एक फॉर्म भरला की झालं. सकाळीच सचिवांना लिहिलंय, यादी तपासा म्हणून. आज संध्याकाळी पाचपर्यंत हरकत घेता येते. नंतर निकाल पक्का.

मुलगा : म्हणजे सगळ्या जगाला ‘तू खरंच तूच का’ विचारणाऱ्या लोकांनी स्वतःच्या मतदारांना ते विचारलंच नाही?

सून : सॉफ्टवेअर नवीन होतं.

मुलगा : अरे वा.

सून : हसू नकोस. रोज ऑपरेशनच्या आधी लोकांना भूल देतोस ना, जरा वेळ स्वतः घे.

सासू : तुमच्या गटात तू एकटीच चांगली आणि बाकी सगळे लबाड, असं आहे का?

सून : मी तसं म्हणाले नाही.

सासू : सकाळपासून दुसरं काही म्हणालीही नाहीस. समोरच्याला जास्त मतं पडली, याचं एक साधं कारणसुद्धा असू शकतं. की तो लोकांना जास्त बरा वाटला.

सून : आई, तुम्ही त्याला ओळखत नाही.

सासू : हं.

(लॅपटॉपवर मेल आल्याचा आवाज.)

सून : आली! सचिवांची आली. ऐका हं दोघं. ‘आपल्या शंकेनुसार यादी पुन्हा तपासली. उमेदवारांची नावं जाहीर झाल्यानंतर सदस्य झालेल्यांना मतदान करता येत नाही, हे आपण जाणताच.’ जाणतेच! मीच तर भांडून तो नियम घालून घेतला. ‘आपण उल्लेख केलेल्या कंपनीचे सर्व सदस्य मुदतीच्या बरेच आधीचे आहेत.’ शक्यच नाही. ‘मुदतीनंतर सदस्य होऊन मतदान केलेली एकच व्यक्ती आढळली.’ बघा! एक तर एक. एकाच मताचा प्रश्न आहे. ते मत गेलं की बरोबरी, आणि बरोबरी झाली की खुर्ची बसलेल्याकडे राहते. मी म्हणत होते ना?

मुलगा : पुढे वाच.

सून : ‘हे लिहिताना थोडा संकोच वाटतो. सदर व्यक्तीचं आडनाव आपल्या आडनावाशी जुळतं. पत्ताही. परिचयाच्या रकान्यात निवृत्त मुख्याध्यापिका, असं...’

मुलगा : काय? पुन्हा वाच.

सून : निवृत्त मुख्याध्यापिका.

सासू : त्यात पुढे ‘राज्य पुरस्कारप्राप्त’ असंही लिहिलं होतं. त्यांनी गाळलं वाटतं.

मुलगा : आई!

सासू : शर्ट जळतोय तुझा.

मुलगा : अरे देवा. हा चांगला होता.

सून : आई, तुम्ही? तुम्ही सदस्य झालात? तो एवढा मोठा फॉर्म भरलात? आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत! थांबा, अजून आहे. ‘ते मत स्वाभाविकच आपल्याला असणार. ते बाद केल्यास आपण एकाऐवजी दोन मतांनी पराभूत व्हाल. तेव्हा औपचारिक हरकत घेऊ नये, असं स्नेहपूर्वक सुचवतो.’ आणि मघाशी मी तुमच्यावर चिडत होते. खरंच, आई, माझ्या आईलासुद्धा मी काय करते ते कळत नाही. तुम्ही चष्मा लावून, ते सगळं वाचून, माझ्यासाठी...

सासू : या खेपेचे वाटाणे किडके निघाले.

सून : राहू द्या हो वाटाणे. मत बाद झालं तरी चालेल मला. तुम्ही दिलंत, यातच आलं सगळं.

सासू : मी तुला मत दिलं, असं कोण म्हणालं?

मुलगा : मी जरा खाली जाऊन येतो.

सासू : जागचा हलू नकोस.

सून : म्हणजे?

सासू : म्हणजे सहा उमेदवारांची निवेदनं होती. मी सगळी वाचली.

मुलगा : सगळी? आई, ती उमेदवारांनीसुद्धा वाचली नसतील.

सासू : तुझ्या बायकोच्या निवेदनात प्रत्येक ओळीत एकदा ‘पारदर्शकता’ होतं. पारदर्शक, पारदर्शकपणे, पारदर्शकतेच्या दिशेनं. पान संपलं तरी पलीकडचं काही दिसलं नाही. त्या टायच्या माणसानं चारच ओळी लिहिल्या होत्या. त्यातल्या एका ओळीत लिहिलं होतं, माणूस गेल्यावर त्याच्या खात्याचं काय करायचं, याचा आताचा नियम निर्दय आहे, तो बदलू.

सून : तो माझा नियम आहे.

सासू : ठाऊक आहे.

सून : त्याच्या कंपनीला मेलेल्यांची खाती उघडून द्यायचा धंदा काढायचाय. म्हणून तो लिहितो, निर्दय!

सासू : असेल. मला त्याच्या पोटातलं काय माहीत? मी उत्तरपत्रिका तपासली, विद्यार्थी नाही.

सून : तुम्ही त्याला मत दिलंत. या घरात बसून. माझ्याच वायफायवरून.

मुलगा : वायफायचं बिल मी...

सून : तू गप्प बस!

सासू : त्याला कशाला ओरडतेस? तुला विचारायचं ते मला विचार.

सून : विचारते. का? मी काय वाईट केलं तुमचं?

सासू : तुझे सासरे गेले, तेव्हा त्यांची सगळी खाती बंद करायचं काम तू केलंस.

सून : हो. कारण बाकी सगळे रडत होते, आणि ते कुणीतरी करायला हवं होतं.

सासू : झटपट केलंस. तेरावा उरकायच्या आत केलंस. त्यात त्यांचं बुद्धिबळाचंही खातं होतं.

मुलगा : बाबा फोनवर बुद्धिबळ खेळायचे, ते?

सासू : कुणाशी खेळायचे, विचारलंस कधी?

मुलगा : कुणाशी?

सासू : माझ्याशी. ते पलीकडच्या खोलीत, मी इथे, याच खुर्चीवर. रोज दुपारी.

मुलगा : आई, तुम्ही दोघं तर शेवटची कित्येक वर्षं धड बोलतही नव्हतात.

सासू : तोंडानं नव्हतो. त्या पटाखाली लिहायला जागा असते. ते लिहायचे, ‘हत्ती सांभाळा, मुख्याध्यापिका.’ मी लिहायची, ‘आधी स्वतःची कवळी सांभाळा.’ मला म्हातारी घोडी म्हणायचे. एकदा माझा वजीर मारला आणि खाली लिहिलं, ‘आज आमटीत मीठ नव्हतं, हा त्याचा सूड.’ असं सगळं. वर्षानुवर्षांचं.

मुलगा : आणि आम्हाला वाटायचं, तुम्ही दोघं एकमेकांवर रुसून फोनमध्ये डोकं घालून बसता.

सासू : रुसलेलोच असायचो. म्हणून तर लिहायला लागायचं.

सून : मला हे माहीत नव्हतं.

सासू : खातं बंद झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उघडलं. लिहून आलं, ‘हा खेळाडू अस्तित्वात नाही.’ पट नाही, खालचं लिहिलेलं नाही, त्यांचं नाही आणि माझंही नाही. माझे टोमणेसुद्धा नेले. मी तुझ्याकडे आले. तू तेव्हा काय म्हणालीस, आठवतं?

सून : नियम आहे, म्हणाले असेन.

सासू : ‘नियम आहे, आई, आणि तो मीच लिहिलाय.’ आणि हसलीस. चांगल्या मार्कांचा कागद दाखवताना मुली हसतात, तशी.

सून : तुम्ही ‘तो खेळ परत येईल का’ एवढंच विचारलंत! मला वाटलं, वेळ घालवायचा एखादा खेळ. दुसरा उतरवून दिलाही होता मी.

सासू : फुगे फोडायचा.

सून : मग नीट सांगायचं ना मला!

सासू : काय सांगू? नवरा मला म्हातारी घोडी म्हणायचा, ते परत मिळवून दे, असं सुनेला सांगू?

मुलगा : हे बघा, चहा टाकू का मी?

सून : टाक. नाही, थांब. मलाही बोलायचंय. आई, तो नियम मी हसायला लिहिला नव्हता. माझी ताई आठवते?

सासू : आठवते की. तिच्या लग्नात जेवलेय मी.

सून : ती घर सोडून आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं काय केलं? ती वारली, असं तिच्या ई-मेलच्या कंपनीला कळवलं. खोटा दाखला जोडला. वारस म्हणून तिचं खातं मागितलं, आणि त्यांनी देऊन टाकलं. तिनं वकिलाला लिहिलेलं, मला लिहिलेलं, सगळं त्या माणसानं बसून वाचलं. ताई माझ्यासमोर उभी, तोंडात टूथब्रश, आणि कॉम्प्युटर म्हणतोय ती मेली. त्यानंतर मी या गटात आले. म्हणून तो नियम तसा आहे. माणूस गेला असं कळलं की खातं बंद, आणि कुणालाही द्यायचं नाही. नवऱ्याला नाही, बायकोला नाही, कुणालाच नाही.

सासू : हे मला कुणी सांगितलं नाही.

सून : कसं सांगणार? ताई घरी परत आली, तेव्हा तुम्ही याच टेबलावर म्हणालात, थोरलीला संसार टिकवता आला नाही.

मुलगा : आई तसं म्हणाली होती?

सून : तू होतास. तू कढी वाढून घेत होतास.

सासू : म्हणाले होते.

मुलगा : चहा टाकतोच मी.

सासू : साखर कमी घाल. आणि पाच वाजायला आलेत. तुझ्या हरकतीचं काय?

सून : काय करायचं आता? सचिवांना वाटतंय, मत मला आहे. मी गप्प बसले तर टायवाला जिंकला. हरकत घेतली तर ते मत उघडून बघतील, कुणाचं होतं ते अहवालात येईल, आणि अहवाल सगळ्या सदस्यांना जातो. जगभर. सगळ्यांना कळेल की माझ्या सासूनं माझ्या विरोधात मत दिलं.

मुलगा : सोडून दे ना. पुढच्या वेळी उभी राहा.

सून : तुझं सगळ्यालाच एक औषध. झोपवून टाका.

सासू : हरकत घे.

सून : आई?

सासू : मुदतीनंतर आलेली मुलगी परीक्षेला बसली, तर पेपर रद्द. तिनं सगळी उत्तरं बरोबर लिहिली असली तरी रद्द. मला तारखेचं माहीत नव्हतं. माहीत असतं तर आधीच आले असते.

सून : म्हणजे मत त्यालाच दिलं असतंत.

सासू : अर्थात.

सून : वा. किती धीर दिलात.

सासू : धीर हवा असेल तर याच्याकडे माग, तो तेच काम करतो. मी सांगते ते ऐक. खोट्या मतानं हरलेली सून मला घरात नको. रोज जेवताना तोंड पाडून बसशील.

सून : आणि तुमचं नाव अहवालात आलं तर? लोक हसतील.

सासू : मला? मी सहा निवेदनं वाचून मत दिलंय. हसले तर तुला हसतील.

सून : हेही खरंच.

मुलगा : पाठवतेस का मग?

सून : पाठवायला मला तुमचं मत रद्द करा, असं स्वतःच्या हातानं लिहायला लागणार. तुम्हाला वाईट नाही वाटणार?

सासू : वाटेल. तू पाठव.

सून : पाठवलं.

मुलगा : चहा.

सासू : हा चहा आहे?

मुलगा : साखर कमी म्हणालीस.

सासू : साखर म्हणाले. पत्तीसुद्धा कमी घाल, असं नव्हते म्हणाले.

सून : अगंबाई, आलं उत्तर. एरवी यांना ‘पोहोचलं’ एवढं लिहायला आठवडा लागतो. ‘आपली हरकत ग्राह्य. सदर मत उघडून बाद करण्यात आलं. दोन्ही उमेदवारांची मतं समान झाल्यानं खुर्ची विद्यमान सदस्याकडे, म्हणजे आपल्याकडे राहील. प्रतिस्पर्धी उमेदवारांनी अभिनंदन कळवलं आहे.’

मुलगा : टाय लावून कळवलं असेल.

सून : ‘तसंच, आपल्या कौटुंबिक स्वास्थ्यासाठी मंडळाच्या वतीनं शुभेच्छा.’

सासू : हा सचिव मला आवडायला लागलाय.

मुलगा : मग? जिंकलीस की. पेढे... काहीतरी गोड आणू का?

सून : नको. जिंकल्यासारखं काही वाटत नाहीये.

सासू : अभिनंदन. मी हरले.

सून : आई, असं नका ना बोलू.

सासू : त्यात काय? हरल्यावर हात मिळवायचा असतो. हे घे. हात जरा ओला आहे. आता मला सांग, मत बाद झालं. सदस्यत्वही बाद झालं का?

सून : नाही. सदस्य तर तुम्ही आहात.

सासू : सदस्याला नियम बदलायची सूचना देता येते?

सून : येते. लेखी. मंडळाला चर्चेला घ्यावीच लागते.

सासू : मग लिहून घे.

सून : आत्ता?

सासू : चहा तर पिण्यासारखा नाही. घे लिहून. ‘गेलेल्या माणसाचं खातं कुणालाही देऊ नये.’ ते तुझं तसंच राहू दे, तुझ्या बहिणीसाठी. त्याच्या खाली माझं घाल. ‘परंतु दोन माणसांनी मिळून एकमेकांना जे लिहिलं असेल, ते मागे उरलेल्याकडून काढून घेऊ नये.’

मुलगा : एवढंच?

सासू : एवढंच. मला त्यांचं खातं नको होतं. ते कुणाकुणाला काय लिहीत होते, ते मला जिवंतपणीही बघायचं नव्हतं. मला माझं हवं होतं.

सून : पण आई, समजा, तो माणूस ताईच्या नवऱ्यासारखा असला आणि तिला धमक्या लिहीत असला तर?

सासू : तर त्या तिच्याकडे राहिलेल्याच बऱ्या. न्यायाधीशाला काय, ‘हा खेळाडू अस्तित्वात नाही’ असं दाखवायचं का तिनं?

सून : ...हे कुणीच मांडलं नव्हतं. तीन महिने आम्ही...

सासू : स्वल्पविरामावर भांडत होता. ‘परंतु’च्या आधी पूर्णविराम दे. आणि ‘काढून घेऊ नये’, ‘काढू नये’ नव्हे.

सून : लिहिलं. पण हे सोपं नाहीये हं. जुनं मिटवलेलं यानं परत येणार नाही. तुमचं ते गेलंच.

सासू : माहीत आहे मला. मी मुख्याध्यापिका होते, बावळट नाही.

सून : आणि मी मंडळात याची चिरफाड करणार. सोडणार नाही. तुम्ही आई आहात म्हणून...

सासू : सोडलंस तर बघच. वर्गात ओळखीच्यांना मी जास्तच छडी लावायची.

मुलगा : मी या दोघींत राहतो, याची नोंद कुठे होते का?

सून : थांब रे. आई, खाली अजून एक रकाना आहे. ‘सूचना देणाऱ्याचा मंडळातल्या कुणाशी काही संबंध आहे का?’ काय लिहू?

सासू : आहे म्हणून लिही. खरं ते लिही. ‘मंडळात माझी सून आहे. आम्ही एका घरात राहतो. ती या सूचनेच्या विरोधात मत देणार आहे.’

सून : सून आहे... एका घरात राहतो... शेवटचं वाक्य नको.

सासू : का? खोटं आहे का ते?

सून : अजून ठरलेलं नाही.